नाड्यावरची जीप

खिंडीच्या तोंडाशी एक जीप होती, दोन माणसं होती, सरकीच्या पेंडीची दोन पोती, श्रीगोंद्याहून आलेली गुळाची एक ढेप, रॉकेलचा एक डबा, पाने-हातोड्यांची एक पिशवी, आणि तुटलेल्या तीन दातांपैकी दोन. दात जीपचे होते. तिसरा सापडत नव्हता.

गोरक्षनाथ जीपखाली उताणा पडला होता. गिअरबॉक्सच्या पाठीला एक लहान लोखंडी डबा असतो आणि इंजिनाचा जोर त्यातून मागच्या चाकांकडे जातो. त्या डब्यातल्या एका चक्राचे लागोपाठ तीन दात गेले होते. खिंडीत शिरताशिरता मोठा आवाज झाला आणि जीप जिथल्या तिथे थांबली. त्याने डब्याचं खालचं झाकण खोलून काळं तेल पत्र्याच्या डब्यात धरलं. तेलाबरोबर दोन तुकडे आले. मग त्याने दोन बोटं आत घालून पोहोचेल तिथवर चाचपलं. चक्र लागलं, वंगणाचा गाळ लागला, तिसरा दात लागला नाही.

"काय म्हनते तुमची लक्षुमी?" बाहेर दगडावर बसलेल्या पुंजारामांनी विचारलं. पुंजाराम म्हणजे त्याचे सासरे, श्रीगोंद्याचे ऊसवाले. डोक्याला नवा फेटा, अंगात पांढरा सदरा, आणि धोतर असं की त्याच्या निऱ्या मोजून घ्याव्यात.

"दात पडलेत, मामा."

"वय झालं की पडायचेच. माझे चार पडलेत. पन मी रस्त्यात बसून घेत न्हाई, जावईबापू."

जीप लढाईच्या वेळची होती. नगरला लष्कराच्या लिलावात ती कुणीतरी घेतली, त्याच्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तिसऱ्याने, आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्यावर गोरक्षनाथाने. दोन वर्षं खपून त्याने ती चालती केली. आता ती पारनेरच्या बाजाराचं सामान आणायची, अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवायची, आणि त्यावर त्याचं नि बायकोचं, केशरचं, घर बरं चाललं होतं. सासऱ्यांना मात्र ते घर चाललेलं दिसत नव्हतं, भंगार दिसत होतं. जावयाने श्रीगोंद्याला यावं, उसाच्या टोळ्यांवर देखरेख करावी, आपल्या शेजारच्या खोलीत राहावं, हे त्यांनी लग्नापासून मनात धरलेलं. आज पारनेरला जीपमध्ये पाय ठेवण्यापूर्वी त्यांनी करारच केला होता.

"ही गाडी धड तुमच्या दारात उभी राहिली, तर मी पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई. न्हाई राहिली, तर चैतात केशरला घिऊन श्रीगोंद्याला यायचं. कबूल?"

गोरक्षनाथ "व्हय" म्हणाला होता, कारण जीप तेव्हा छान चालत होती.

चक्राची त्याला चिंता नव्हती. नगरच्या जुन्या बाजारात तसली दोन चक्रं त्याने पाहून ठेवली होती. डबा मात्र कुठेच मिळत नव्हता. आतला सुटा दात फिरत्या चक्राच्या कचाट्यात आला की बिडाचा डबा फुटणार, आणि डबा फुटला की जीप गेली. तेव्हा डब्यातलं काहीही न फिरवता ती घरी न्यायची होती.

ते साधण्यासाठी मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडायला हवा. पुढच्या चाकांचा शाफ्ट वर्षापूर्वीच गळून पडला होता आणि त्याने तो बसवलाच नव्हता. अडचण एवढीच की या जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हता. तो डब्याच्या पाठीवर, शाफ्टच्या मुळाशी होता. शाफ्ट सुटला की हँडब्रेक गेला. पायाचा ब्रेक तीनदा दाबल्यावर एकदा लागायचा, तोही त्याच्या मनात आलं तर.

"राहू द्या तो शाफ्ट," पुंजाराम म्हणाले. "ब्रेक धरा नि जाऊ द्या हळूहळू."

"चाकं फिरली की शाफ्ट फिरंल, शाफ्ट फिरला की डब्यातलं चक्र फिरंल. आत एक दात सुटा हाय, मामा."

"मग हितंच ठेवा."

तेही जमणारं नव्हतं. वाट एका बैलगाडीपुरती होती, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरा. सांजेला बाजाराच्या गाड्या याच वाटेने गावात उतरायच्या. मागे ओढून जीप माळावर लावली असती, तर सकाळपर्यंत तिची चाकं कुणाच्या तरी गाडीला दिसली असती.

गोरक्षनाथ जीपला टेकून उभा राहिला आणि खाली पाहू लागला. उतार सात हातांना हातभर होता. जीप पहिल्या खेपेला ही खिंड चढेना तेव्हा त्याने काठी आणि ओळंबा घेऊन तो मोजला होता. पुढे बैल जुंपून उपयोग नव्हता. बिनब्रेकाची जीप त्यांच्या पायांवर गेली असती. तिला ओढायचं नव्हतंच, मागून धरायचं होतं. धरणाऱ्याने तोंड वरच्या बाजूला ठेवून, पाठमोरं, एकेक पाऊल मागे यायला हवं. तसं कोण चालतं?

तेवढ्यात त्याच्या कानावर कुरकुर आली. माथ्याजवळच्या ओढ्याकाठी त्याच्या आत्याची, गोजरबाईची, विहीर होती. तिच्यावर मोट चालली होती.

मोटेच्या विहिरीला काठापासून खाली उतरत जाणारी मातीची धाव असते. बैल धाव उतरतात तेव्हा भरली मोट वर येते. मोट परत पाण्यात सोडताना तेच बैल मागे मागे चालत धाव चढतात. गाडीच्या बैलाला मागे सरकवायला गेलं तर तो शिंग उगारतो. मोटेच्या बैलाचा अर्धा जन्म मागे चालण्यात जातो.

"आलोच, मामा," म्हणून तो पळत सुटला.

गोजरबाई मोटेच्या ताणलेल्या जाड दोरावर, नाड्यावर, बसून धाव उतरत होती. पदर खोचलेला, हातात आसूड, पण तो नुसताच धरायला. नवरा गेल्यापासून मोट तीच हाकायची आणि आपल्यासारखी मोट तालुक्यात कुणी हाकत नाही असं तिचं स्वतःचं मत होतं.

"आत्या, बैल पायजेत. नाडा बी."

"तुझ्या डबड्याला वढायला? त्याला तर तेल पाजतोस ना?"

"वढायला न्हाई. धरून ठिवायला. खिंडीतनं खाली सोडायचीय."

गोजरबाई नाड्यावरून उतरली. तिने जीपचं नाव ऐकून नाक मुरडलं होतं, पण धरून ठेवायचं म्हटल्यावर तिचे डोळे बारीक झाले. "किती जड हाय ती?"

"भरल्या मोटेच्या सातपट. पन ती लटकत न्हाई, चाकांवर हाय. उतार सातास एक हाय. म्हंजी नाड्याला एका मोटेएवढाच भार यील."

"यील म्हंजी? तू बगितलास?"

"न्हाई. आदी हातभर सोडून बगू. तुला जड वाटलं तर मी तिथंच दगड लावतो नि बैल तुझे तू ने."

आत्याने तांब्या आणि बाज्या या आपल्या बैलांच्या पाठीवर हात फिरवला, नाडा गुंडाळून खांद्यावर टाकला आणि निघाली.

खिंडीत पुंजारामांना पाहून तिने पदर सावरला. "इवाई! लई दिसांनी पाय लागले आमच्या माळाला."

"पाय कुठले, विहीनबाई. गाडीत बसून आलो."

"म्हनूनशान अडकलात."

गोरक्षनाथाने शाफ्ट सोडला आणि डब्याचं झाकण लावलं. पुढच्या चाकांखाली दगड होतेच. नाड्याचं एक टोक त्याने जीपच्या मागच्या आकड्यात अडकवलं. दुसरं आत्याने जुवाच्या मध्यातल्या खुंटीला लावलं. खुंटी उपसली की नाडा सुटायचा. बैल वर तोंड करून उभे राहिले. त्यांच्या मागे ताणलेला नाडा, नाड्याच्या टोकाला जीप, आणि जीपच्या पुढे उतार. गोरक्षनाथ सुकाणूवर बसला. पुंजाराम डोंगराच्या अंगाला उभे राहिले, कारण पुढच्या चाकाखालचा दगड काढायला आणि घालायला दुसरं कुणी नव्हतं.

"काढा, मामा!"

दगड निघाला. जीप हातभर सरकली आणि नाड्यावर थांबली. बैलांनी कान हलवले.

"आत्या, कसं?"

"भरल्या मोटेएवढंच," गोजरबाई वरून ओरडली. "वाईच कमी!"

मग ती बैलांपुढे उभी राहिली आणि मोटेवर म्हणते तसं लांबट सुरात "माऽगं, माऽगं" म्हणू लागली. तांब्याने एक पाय मागे टाकला, बाज्याने टाकला. जीप खाली निघाली. इतकी हळू की चाकाखालचा खडा आधी दबला, मग फुटला, मग त्याचा आवाज आला. गोरक्षनाथाने आयुष्यात इतकी सुंदर गाडी चालवली नव्हती. इंजिन बंद, खाली गावाची घरं, ज्वारीची हिरवी पट्टी, आणि पाठीमागून आत्याचा आवाज.

आणि मग बैल थांबले. गोरक्षनाथाने वळून पाहिलं. बैलांनी एकमेकांकडे पाहिलंसं त्याला वाटलं. पुढच्याच क्षणी दोघांनी मान खाली घातली, खांदा दिला, आणि जीपला घेऊन वर निघाले.

"आवं, आवं!" पुंजाराम दगड हातात घेऊन जीपबरोबर वर चालू लागले. "जावईबापू, गाडी पारनेरला निघाली!"

गोजरबाई "हो, हो" करत होती, पण हसू आवरत नसल्यामुळे त्या "हो"त काही जोर नव्हता. जीप जिथून निघाली होती तिथे परत आली आणि बैल आपणहून थांबले. मोट वर आली होती. आता कुणीतरी ती पाटात ओतावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"चुकलं कुटं त्यांचं?" गोजरबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "धाव सरली. धावंएवढं मागं आले, धावंएवढं पुढं गेले. नऊ वरसं हेच करत्यात."

गोरक्षनाथ खाली उतरला. हसताहसताच त्याला दुसरं काही दिसत होतं. "आत्या, तुझी धाव किती हात?"

"एकतीस."

"दरवेळी तेवढंच?"

"नायतर मोट पान्यात बुडंल का?"

म्हणजे बैल कुठे थांबणार हे आधीच ठाऊक होतं. त्याने मघाचं काळं तेल घेतलं, चिंधीचा बोळा केला आणि हाताने मोजत खिंड उतरला. एकतीस हातांना डोंगराच्या खडकावर एक काळा पट्टा. पुन्हा एकतीस, पुन्हा पट्टा. वळणावर खडकाचा कोपरा नाड्याला कापणार होता. तिथे त्याने पेंडीचं एक पोतं आडवं टाकलं. तो परत वर आला तेव्हा पुंजाराम फेटा सोडून डोळे मिटून बसले होते.

"मामा, पुढचं चाक पट्ट्याशी आलं की दगड. दगड लागला की तुमी 'लागला' म्हना. मग आत्या खुंटी काढंल. बैलांना पुढं जायचंय ते रिकामे जाऊन येतील."

"रिकामे कशाला? हेलपाटाच की तो."

"त्यांचा हिशेब नको का पुरा व्हायला?" गोजरबाई म्हणाली. "तुमी जेवताना शेवटचा ताकभात सोडता का, इवाई?"

पुंजाराम ताकभात सोडत नसत. ते उठले.

पहिला पट्टा. "लागला!" खुंटी निघाली, बैल मोकळे पुढे गेले, मागे मागे परत आले, खुंटी बसली, दगड निघाला. दुसरा पट्टा. तिसरा. वळणावर नाडा पोत्यावरून अलगद फिरला, थोडी पेंड सांडली आणि बैलांना ती वासावरूनच आवडली. ऊन उतरत चाललं. सुरुवातीला पुंजाराम गोरक्षनाथाने दाखवलेला दगड लावत होते. चौथ्या पट्ट्याला त्यांनी तो झिडकारला.

"हा गोल हाय, जावईबापू. घसरंल. चपटा पायजे, नि खालनं खरबरीत." त्यांनी दऱ्याच्या कडेचे पाच दगड उलटेपालटे करून एक निवडला आणि तो पुढे कुणाला हात लावू दिला नाही. सदऱ्याच्या बाह्या वर गेल्या. "लागला!" हे ते आता अशा आवाजात म्हणत की खाली गावातली कुत्री उत्तर देत होती.

"इवाई, ऊस सोडा नि मोटंवर या," गोजरबाई वरून म्हणाली.

"पगार काय द्याल?"

"ताकभात!"

शेवटून तिसऱ्या पट्ट्याशी घोटाळा झाला. पुंजाराम वाकले, दगड चाकाखाली सारला, "लागला!" म्हणाले, वर आत्याने खुंटी उपसली, आणि दगड हलला. तो जमिनीवर बसलाच नव्हता. वाकताना धोतराचा सोगा सुटून वाटेवर पसरला होता आणि दगड त्या सोग्यावर बसला होता. तेलकट, पांढऱ्या, गुळगुळीत कापडावरून तो चाकापुढे सरपटत निघाला. त्याच्यामागे जीप आणि तिच्यामागे मोकळा नाडा.

"मामा, सरका!"

पुंजाराम सरकले. धोतर मात्र तिथेच राहिलं. टरकन आवाज झाला. गोरक्षनाथाने ब्रेक एकदा दाबला, दोनदा दाबला आणि तिसऱ्याची वाट न बघता सुकाणू डोंगराकडे फिरवलं. जीपचा पुढचा लोखंडी पट्टा मुरमाच्या भिंतीत घुसला. धाडकन आवाज झाला. अंगभर माती पडली. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत जीपच्या पोटात काहीतरी लोखंडी एकदाच खणकलं.

गोरक्षनाथ कान देऊन वाकला. तो आवाज त्याने ऐकला होता. पुंजारामांनीही ऐकला होता.

गोजरबाई धावत आली. तिने आधी भाच्याकडे पाहिलं, मग जीपकडे, मग अर्ध्या धोतरात उभ्या असलेल्या व्याह्यांकडे, आणि पटकन डोंगराकडे तोंड केलं.

"हसा, विहीनबाई," पुंजाराम म्हणाले. "कुनाला काई लागलं न्हाई, हसा." मग हलक्या आवाजात, "जावईबापू, डबा?"

"झाकन खोलल्याबिगर कळायचं न्हाई, मामा."

"माझ्या धोतरापायी..."

"धोतर सोडलं नसतं तर मी वाचलो नसतो, असं तरी म्हना, इवाई!" गोजरबाई तोंडात पदर कोंबून म्हणाली, आणि मग तिघंही हसले; गोरक्षनाथ सर्वांत शेवटी.

बैलांनी जीप भिंतीतून हातभर मागे काढली. मग उरलेल्या दोन धावा उतरवल्या, आणि पुंजारामांनी दगड लावताना दर वेळी आधी धोतर पाहिलं. खाली सपाटीला लागल्यावर बैल पुढे जुंपले. बाजाराच्या गाड्या खिंडीच्या माथ्यावर दिसू लागल्या तेव्हा जीप गोरक्षनाथाच्या दारातल्या छपराखाली उभी होती. गुळाची ढेप फुटली ती तिथेच. पहिला खडा तांब्याला, दुसरा बाज्याला. तिसरा आत्याने व्याह्यांच्या हातावर ठेवला.

केशर कंदील घेऊन आली. वडिलांना नवऱ्याच्या पायजम्यात पाहून तिने कंदील जरा वर केला. गोरक्षनाथ जीपखाली शिरला, झाकण खोललं. तिसरा दात कोपऱ्यात होता, वंगणाच्या गाळात रुतलेला, डब्याच्या भिंतीला टेकून. तो जिथे टेकला होता तिथे एक काळी रेघ होती. नखाने ती थोडी पुसली गेली, थोडी तशीच राहिली.

"भेग हाय का?" पुंजाराम जमिनीवर पोट टेकून आत पाहत होते.

"मळ बी असंल. भेग बी असंल. डोळ्यानं न्हाई सांगता यायचं."

"मग?"

"रॉकेल सांगंल. ते पान्यापेक्षा बारीक. केसाएवढी वाट असली तरी रातीतनं भाईर यील."

त्याने डबा चिंध्यांनी कोरडा केला. जुन्या पुठ्ठ्याची चकती कापून झाकणाखाली घातली, कडेने साबण दाबला, आवळलं. मग वरच्या भोकातून रॉकेल ओतलं. मापाला सोड्याची बाटली होती. एक बाटली काठोकाठ गेली, आणि दुसरीत तळापासून चार बोटं घेऊन ओतलं तेव्हा रॉकेल भोकाच्या कडेला लागलं. त्याने भोक बुचाने बंद केलं.

"परात दे," तो केशरला म्हणाला.

"कनकीची?"

"मोठी आसंल ती."

परात जीपखाली सरकवली गेली. जेवणं झाली. भाकरी झाली, ताकभात झाला, गोजरबाईला वाढलेलं ताट पुंजारामांनी स्वतः पुढे सरकवलं. करार कुणी काढला नाही. झोपायच्या आधी सासरे कंदील घेऊन एकदा छपराकडे जाऊन आले.

गोरक्षनाथ उठला तेव्हा दिशा उजळत होत्या. छपरात पुंजाराम आधीच येऊन बसले होते, कानाला उपरणं गुंडाळून, परात बाहेर ओढून. परातीत एक गवताची काडी होती. गोरक्षनाथाने परातीवर बोट फिरवून बोटाचा वास घेतला. कणकेचा आला.

"निसतं परातीवर जाऊ नका," पुंजाराम म्हणाले. "मातीनं पिलं असंल. मोजा."

त्याने झाकणाचा एक बोल्ट सैल केला, धार बाटलीत धरली. बाटली भरली ती त्याने सासऱ्यांच्या हातात दिली आणि दुसरी लावली. धारेचे थेंब झाले, थेंबही थांबले. पुंजारामांनी दुसरी बाटली त्याच्या हातून घेतली, जमिनीवर सपाट दगड पाहून त्यावर ठेवली, आणि तिच्या तळाशी आडवी बोटं लावली.

एक बाटली, आणि वर चार बोटं.